गाडी कमी चाललेली आहे

मान ना? मानेचं सांगते हो, मान शेवटी येते, पण आधी मला तुम्ही सगळे बसलाच आहात तर एक सांगा, गाडी ही वस्तू चालवायची असते की नसते? नाही, मी खरंच विचारतेय, कारण गेलं वर्षभर आमच्या घरात याचं उत्तर 'नसते' असं आहे आणि मीच एकटी खुळी ठरलेय. ह्यांना आत मानेचा फोटो काढायला नेलंय, अर्धा तास तरी सोडत नाहीत, तोवर ऐका. आणि तुमचा गुडघा जरा सरकवता का... हां, बसते इथे.

तर आमचे हे दातांचे डॉक्टर. साधा माणूस. पत्ते नाहीत, पान नाही, कुणाशी वर आवाज नाही. वेड म्हणाल तर एकच. दवाखान्यात पेशंटच्या खुर्चीच्या बरोब्बर वर, छताला एका गाडीचं चित्र चिकटवलंय. लाल, बुटकी, दोन सीटची, वरचा टप मागे दुमडून टाकायचा, असली शर्यतीची गाडी. पेशंट आ करून वर बघतो, त्याला ती दिसते. तीस वर्षं लोकांच्या दाढा त्या गाडीखाली पडल्या. मी म्हणायचे, असू दे, चित्रच आहे, चित्राला काय खायला लागतं? मला काय माहीत ते चित्र एक दिवस छतावरून खाली उतरणार आहे!

एका पेशंटनं दाताला मसाला भरता भरता सांगितलं, तशीच गाडी, हुबेहूब, एका बाईंकडे आहे, विकायचीय. झालं. त्याचा दात अर्धा तसाच ठेवून हे फोनला. संध्याकाळी आम्ही त्या बाईंच्या दारात.

तुम्हाला सांगते, तीन आवरणं होती गाडीवर. वर एक जाड, त्याच्या खाली एक मऊ, त्याच्याही खाली पांढरं सुती. एकेक आवरण निघतंय आणि ह्यांचा श्वास वर वर चाललाय. गाडी दिसली. आता सुंदर होती, मी खोटं कशाला बोलू, सुंदरच होती. पण ह्यांनी काय केलं? खिशातून तोंडात घालायचा तो छोटा आरसा काढला, टॉर्च काढला, आणि जमिनीवर उताणे पडून गाडीचा जबडा तपासायला लागले. मग आत वाकून मीटर बघितलं आणि असा आवाज काढला... आमचा मुलगा झाला तेव्हाही काढला नव्हता. "अगं, ही चाललीच नाहीये. इतक्या वर्षांत जेमतेम शोरूमपासून घरापर्यंत आणि थोडी इकडेतिकडे. इतकी कमी चाललेली जगात मिळत नाही." मी त्या बाईंना सहज विचारलं, कुठे कुठे फिरलात हिच्यातून? बाई हसल्या. म्हणाल्या, "मी? मी नाही हो बसले कधी. आमच्या ह्यांनी तिला पाऊस दाखवला नाही, ऊन दाखवलं नाही. मी विचारायचे, तर म्हणायचे, गाडी कमी चाललेली आहे. ते गेले, आणि गाडी तशीच राहिली." आणि किल्ली त्यांनी ह्यांच्या हातात नाही दिली बरं का, माझ्या हातात दिली, वर माझी मूठ मिटून तिच्यावर दोनदा थोपटलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता गाडी उभी करायला छप्पर आमच्याकडे एकच. म्हणजे माझी पांढरी गाडी गेली! चारी कोपरे चेपलेले, डिकी दोरीनं बांधलेली, पण म्हणाल तिथे नेणारी, माझी गाडी. मी रडले, खोटं नाही सांगत. तर हे म्हणाले, "अगं, तुला काय कमी आहे, लग्नाच्या वाढदिवसाला टप उघडा टाकून तुला दीपगृहाला नेतो." आता दीपगृह म्हणजे काय ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे. लग्न ठरलं तेव्हा मित्राची स्कूटर मागून हे मला दीपगृह दाखवायला निघाले होते. गावाबाहेर, समुद्राच्या रस्त्यानं, आठ-नऊ किलोमीटर फक्त. निम्म्यात स्कूटर बंद पडली. ढकलत परत आलो. "पुन्हा जाऊ," म्हणाले. मग दवाखाना, मग मुलगा, मग सासूबाईंचं आजारपण, मग अमुक मग तमुक. तीस वर्षांत गेलो नाही. लोक विमानानं कुठे कुठे जातात, मला ते एक दीपगृह बघायचं होतं, आणि ते ह्यांच्याबरोबर बघायचं होतं. एवढंच. म्हणून मी डोळे पुसले आणि पांढरी विकू दिली.

आणि गाडी घरी आली. कशी आली? चालत? छे. ट्रकवर चढून आली! का? तर गाडी कमी चाललेली आहे!

मग सुरू झालं तिचं बाळंतपण. तुम्हाला वाटेल, जी वस्तू वापरलीच नाही ती नवी असणार. मलाही वाटलं. पण उभी राहून राहून तिचं सगळं रबर सुकलेलं, नळ्या तडकलेल्या, टाकीतलं पेट्रोल आंबून त्याचा चिकट काढा झालेला. चालू केली तर खालून तेल गळायचं, नाही केली तर बॅटरी मरायची. मग खास असल्याच गाड्या बघणारा एक मेकॅनिक आणला. तो काय करायचा, बॉनेट उघडायचा, टोपी काढायचा, आणि एखाद्याच्या घरी दुखवट्याला भेटायला आल्यासारखा उभा राहायचा. मग जड आवाजात, "डॉक्टरसाहेब... हिला जरा चालवत जा." हे म्हणायचे, "चालवली तर किंमत राहणार नाही." तो म्हणायचा, "नाही चालवली तर गाडी राहणार नाही." दोघंही मान हलवायचे आणि पार्ट परदेशातून मागवायचे. पार्ट आला की गाडी निघाली गॅरेजला. कशी? ट्रकवर! मी स्टॉपवर उभी, दोन्ही हातांत पिशव्या, आणि समोरून आमची गाडी चाललीय ट्रकवर बसून, ऐटीत, तिच्यावर पांढरी चादर. म्हणजे बघा, गाडीला बसायला गाडी आहे, आणि मला नाही. मी आ वासून बघत राहिले, बस निघून गेली.

आणि आमचे हे पेशंटला काय सांगतात माहितीये? "दोन्ही बाजूंनी चावत जा, वापरली नाही ती बाजू आधी बिघडते." रोज सांगतात! भिंतीपलीकडून मला पाठ झालंय. मी एकदा म्हटलं, अहो, मग हे गाडीला का नाही लागू? तर चष्मा पुसत म्हणतात, "दातांना मीटर नसतं." आता बोला. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, इथे दातांचे डॉक्टर आहेत, चणे आहेत, आणि चणे तीन आवरणांखाली झाकून ठेवलेत.

बरं, उभ्या उभ्या टायर एका बाजूनं चपटे होतात म्हणून मेकॅनिकनं सांगितलं, निदान जागच्या जागी थोडी सरकवा. मग दर रविवारी आम्ही दोघं गाडी ढकलायला. मी मागून, हे खिडकीतून हात घालून स्टिअरिंगचं चक्र धरून. एका रविवारी हे किंचाळले. मला वाटलं पाय सापडला. तर ढकललेलंसुद्धा मीटरला कळत होतं! शेवटचा आकडा हलला होता. चेहरा असा पांढराफटक, जसा काही भलत्याचाच दात उपटला. "मागे घे, मागे घे!" मी पुढून ढकलली मागे. आणि... आकडा परत आला. तुम्हाला सांगते, हा माणूस गाडीच्या पुढे मागे, पुढे मागे, मीटरकडे बघत लहान मुलासारखा. "अगं, उलटी नेली की मीटर उलटं फिरतं!" मी म्हटलं, मिळालं ना समाधान, आता आत चला, घामाघूम झालेय मी.

वाढदिवस आला. मी साडी नेसून, डोक्याला रुमाल बांधून तयार. टप उघडा म्हणजे केस उडणार ना. आणि हे म्हणतात, "टॅक्सी बोलावू का? गाडी कमी चाललेली..." पुढचं मी ऐकलंच नाही. मला त्या बाई दिसल्या हो. माझ्या मुठीवर त्यांचा हात. मी किल्ली काढली आणि ह्यांच्यापुढे धरली. म्हटलं, त्या बाईंनी ही माझ्या हातात दिली, मी काही ती अशीच, गाडीत न बसता, आणखी कुणाच्या बायकोच्या हातात देणार नाही. मला बसवायचं तर आज. नाहीतर मी टॅक्सीनं जाते, एकटी, आणि दीपगृह बघून येते. हे किल्लीकडे बघत बोट हवेत पुढे मागे, पुढे मागे फिरवायला लागले. मग चेहरा उजळला. मला वाटलं, पाझर फुटला. "चल," म्हणाले.

आणि गेलो! सरळ, पुढे तोंड करून, माणसासारखे गेलो. टप उघडा, समुद्र उजवीकडे, आणि ती गाडी, मेली काय गोड चालते हो, इतकी वर्षं तोंड दाबून ठेवल्यासारखी बोलत सुटली होती. दीपगृह आलं. पांढरं, लाल पट्टा, खाली एक कुत्रा झोपलेला. बाकी काही नाही. पण मला हुंदका आला. ह्यांनी माझा हात धरला. मी मनात म्हटलं, सगळं माफ. पांढरी गाडी माफ, ट्रक माफ.

निघायची वेळ झाली. हे गाडीत बसले, डावा हात माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, मान मागे वळवली, आणि रिव्हर्स टाकला. मला वाटलं, वळवताहेत. वळवेनात! मी म्हटलं, अहो, कुठे? "घरी," म्हणाले. "असेच?" "असेच. घरी पोचेपर्यंत मीटर जिथल्या तिथे."

आठ-नऊ किलोमीटर उलटे! पाठीमागून एक दूधवाला सायकलवर, म्हणजे आमच्या तोंडासमोर. तो गावाकडे, आम्ही गावाकडे, आणि दोघं एकमेकांकडे बघत! तो चांगला अर्धा रस्ता आमच्या काचेसमोर सायकल मारत होता. "ताई, काही बिघडलंय का?" मी म्हटलं, गाडीचं नाही. पुढे पोलीस. काठी आडवी. "काका, पुढचा गिअर पडत नाही का?" "पडतो." "मग?" "गाडी कमी चाललेली आहे." पोलिसानं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं काठी बाजूला घेतली. म्हणाला, "मावशी, सांभाळून जा."

पण एक सांगू का? हसू नका. अख्ख्या रस्ताभर ते दीपगृह माझ्या समोरच होतं. सरळ गेलो असतो तर मागे पडलं असतं, हे तसंच समोर, फक्त हळूहळू लहान होत गेलं. आणि ह्यांचं तोंड माझ्याकडे. तीस वर्षांत हा माणूस इतका वेळ माझ्याकडे तोंड करून बसला नव्हता, माझे दात तपासतानाही नाही. मधेच म्हणाले, "रुमाल छान दिसतोय." मी रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

घरी आलो. मीटर जिथल्या तिथे. हे आनंदानं उडी मारायला गेले आणि ओरडले. मान तशीच! डावीकडे! सरळ व्हायचं नावच घेईना.

म्हणजे हिशेबानं बघाल तर मीटरच्या मते आम्ही दीपगृहाला गेलोच नाही. तीस वर्षं वाट बघून गेले, आणि नोंद शून्य. पुरावा म्हणून काय, तर ही एक मान. मला सांगा, मी हे कुणाला सांगू आणि कोण खरं मानेल?

थांबा, दार उघडलं वाटतं. आले. बघा, पट्टा बांधलाय गळ्याला. डॉक्टर काय म्हणतायत? महिनाभर अशीच? मान फिरवायची नाही? गाडी? बंद, काय हो, चालवायचीच नाही? अगं बाई, मग ह्यांना कशाला हो दुःख होणार!

उठते हो मी. अहो, तिकडे कुठे शोधताय, इकडे, डावीकडे. घरात आता जेवायला, झोपायला, टीव्हीसमोर, मी आपली डावीकडेच बसते. काय करणार? दुसरीकडे बसले तर बिचाऱ्यांना मी दिसणार कशी?