गाडी कोपऱ्यावर उभी करा

मेहुणा: भावोजी, रेडिओवर आपण जाहिरात दिलीच नाही, तर लोक रेडिओवर ऐकलं असं सांगतायत कसे?

नवरा: ते मला काय विचारतोस? तुझ्या ताईला विचार. फोन ती घेते. मी लोकांच्या पलंगाखाली असतो.

बायको: तूच म्हणालास ना, ‘ताई, फोन आला की विचार, आमचं नाव कुठून कळलं म्हणून’? विचारलं. एक बाई म्हणाल्या, रेडिओवर. एक जण म्हणाले, वर्तमानपत्रात. एका आजोबांनी तर बसवर पाहिलं म्हणून सांगितलं, वर बसचा रंगही सांगितला.

मेहुणा: बसवर आपण कधी दिली जाहिरात?

बायको: कुठली बस नि कुठलं काय! आजवर एक गाडी तेवढी रंगवली आपण. आणि गाडीवर पाहिलं, असं एकानंही सांगितलं नाही.

मेहुणा: डोक्याचा भुगा झाला माझ्या. इतकी वर्षं जाहिरातीच्या दुकानात आहे, असलं गिऱ्हाईक नाही पाहिलं. तरी पण, लोक रेडिओ म्हणतायत म्हणजे रेडिओवरच द्यायला हवी.

नवरा: न देताच फोन येतायत, तर देऊन काय वेगळं होणार?

मेहुणा: जास्त येतील!

बायको: आणि रेडिओवर दिल्यावर बसवर पाहिलं म्हणाले तर?

मेहुणा: ताई, तू जरा गप्प बस. मला विचार करू दे.

नवरा: विचार कसला त्यात? माझं ठरलंय. चौकातला मोठा फलक. ‘गाढ झोप. ढेकणांचा कायमचा बंदोबस्त.’ खाली माझं नाव आणि फोटो.

बायको: फोटो?

नवरा: का? क्लासवाले लावतात, दातांचे डॉक्टर लावतात. मी काय चोऱ्या करतो?

मेहुणा: फलक घेतला तर सगळे पैसे त्यातच जातील, भावोजी. मग पत्रकं नाहीत, फोनवरच्या जाहिराती नाहीत, काही नाही. आणि उद्यापर्यंत होकार दिला नाही, तर ती जागा क्लासवाल्याला जाईल.

नवरा: म्हणूनच म्हणतो, घेऊन टाक.

बायको: अहो, पण हातात आहे ते एवढंच. चुकलं तर दुकान बंद. पुन्हा त्या जुन्या कंपनीचा गणवेश चढवून साहेबांच्या शिव्या खायला जावं लागेल तुम्हाला.

नवरा: ठाऊक आहे.

(फोन वाजतो.)

बायको: हॅलो, गाढ झोप... बोला... हळू बोलताय, जवळ कोणी आहे का? बरं, मीही हळू बोलते. गादीत आहेत की पलंगात?... दोन्हीत. बरं... लाल ढेकणाची? हो, ती आमचीच गाडी... नाही नाही, ठेवू नका! गाडी दारात येणार नाही. कोपऱ्यावर, दुकानांच्या पलीकडे उभी करतील... पंप मोठ्या पिशवीत घालून आणतील. कोणी विचारलं तर पाहुणे आलेत म्हणून सांगा... पत्ता?... लिहिला... हो, त्यांनाच पाठवते. आणि आमचं नाव कुठून कळलं तुम्हाला?... टीव्हीवर. बरं, बरं.

मेहुणा: टीव्हीवर!

बायको: थांब रे. अहो, त्या चष्मेवाल्या बाईंचं घर केलंत ना तुम्ही? त्यांच्या बरोबर खालचा मजला. आणि म्हणाल्या, ते कमी बोलणारे गृहस्थ आहेत ना, त्यांनाच पाठवा.

नवरा: मी कमी बोलतो हे टीव्हीवर दाखवलं?

बायको: तेच तर म्हणतेय! चष्मेवाल्या बाईंनीच सांगितलं असणार. आणि माझं नाव कुठे घेऊ नकोस, म्हणून बजावलंही असणार. मग या बिचाऱ्या काय सांगतील? कुणी रेडिओ, कुणी बस, तोंडाला येईल ते.

मेहुणा: म्हणजे लोकच एकमेकांना सांगतायत?

बायको: कानात.

मेहुणा: अरे देवा. आता कानात जाहिरात कशी द्यायची?

नवरा: आणि ते ‘ठेवू नका’ काय होतं? गाडीचं नाव काढल्यावर फोन ठेवत होत्या त्या?

बायको: हो.

नवरा: नेहमी होतं असं?

बायको: होतं. काही जण ठेवतातच. तुम्हाला बोलले नाही मी.

नवरा: का?

बायको: त्या गाडीचं तुम्हाला किती कौतुक आहे, ते काय मला दिसत नाही? गाडी धुताना अक्षरांसाठी वेगळं फडकं घेता तुम्ही.

मेहुणा: ढेकूण तरी मी चांगला काढला होता.

नवरा: आठ पाय काढलेस. ढेकणाला सहा असतात.

मेहुणा: दोन पाय जास्त झाले म्हणून कोणी फोन ठेवत नाही, भावोजी.

नवरा: अगं, मीही एक बोललो नाही तुला. दाढेसाठी गेलो होतो ना, ते डॉक्टर. त्यांचं अख्खं घर केलंय मी. गादी उलटायला त्यांनी स्वतः हात लावला होता माझ्याबरोबर. आणि दवाखान्यात माझ्या तोंडात आरसा घालून विचारतात, “आपण काय करता?”

बायको: मग काय सांगितलंत?

नवरा: तोंड उघडं होतं, काय सांगणार? बाहेर बाकावर माणसं बसलेली, सगळं ऐकू जात होतं त्यांना. समजतं गं मला, त्यांचीही अडचण असणार. पण फार वाईट वाटलं. वाटलं, चौकात फोटो लागला ना, की येता-जाता बघावंच लागेल त्यांना.

बायको: म्हणून फलक.

नवरा: म्हणूनच. बाकी धंद्याचं म्हणशील, तर मलाही काही सुचत नाहीये.

बायको: ऐकूनच कसंतरी झालं मला. पण अहो, तुमचा चेहरा चौकात लागला, तर तुम्ही ज्या जिन्यात दिसाल तिथे ढेकूण झाले हे गल्लीभर होईल. मग कोण दार उघडेल तुम्हाला?

मेहुणा: मी काय करू ते सांगा कुणीतरी. रेडिओ नाही, फलक नाही. उद्या दुकानात विचारतील मला.

नवरा: गाडी पांढरी कर.

मेहुणा: आं?

नवरा: अक्षरं, ढेकूण, फोन नंबर, सगळं घालव. नुसती पांढरी. रंग चांगला घे, खालचं काही दिसायला नको. आणि पंपासाठी चाकांची बॅग आण, खांदा गेलाय माझा.

मेहुणा: जाहिरातीच्या पैशांतून?

नवरा: ती जाहिरातच झाली की. म्हणजे, मला तरी तसं वाटतंय. का गं?

बायको: मलाही वाटतंय खरं. पण बरोबर आहे की आपण दोघंही वेडे झालोय, देव जाणे.

मेहुणा: मालकांना काय सांगू मी? गिऱ्हाइकाला जाहिरात पुसायची जाहिरात करायची आहे?

बायको: सांग, बहिणीचं घर आहे, काही विचारू नका.

नवरा: आणि हे बघ, ‘गाढ झोप’ एकदा लिहून दे. बारीक अक्षरात, खाली माझं नाव. आतल्या बाजूला, स्टिअरिंगच्या वर.

मेहुणा: आत? तिथे कोण वाचणार?

नवरा: मी.