औषधी वनस्पती, एक झाड

धम्मपाल : पण बाबा, ई-पीक पाहणीत गांजा कुणी नोंदवतं का?

सहादू : गांजा कुठं लिवला, तलाठी आप्पा? मोबाईलमधी तसं नावच नव्हतं. 'औषधी वनस्पती' दिसलं, ते दाबलं. झाडं, एक. जे लावलं ते नोंदवा, असं चावडीत तुम्हीच म्हनले ना?

धम्मपाल : मी मक्याचं, कांद्याचं म्हणत होतो. तहसीलला फोटो उघडला तेव्हा सगळं ऑफिस गोळा झालं. हसले लोक. मला काही हसू आलं नाही.

सहादू : चोरून लावलं असतं तर बोलले असते. मोटरीजवळ उघडं लावलंय. आमच्या कारभारनीचं, भिमाचं औषध हाय ते.

धम्मपाल : मला माहितीय. कायद्यात तसं बसत नाही.

सहादू : तिच्या हाडात कॅन्सर गेलाय. नाशिकचे डॉक्टर म्हनले, घरी न्या, आता नुसती दुखन्याची गोळी द्या, मॉर्फीनची. ती गोळी कळवणात नाय. नाशकात द्वारका चौकापासून दुकानं पालथी घातली. एक म्हने परवाना नाय, दुसरा म्हने आम्ही त्या भानगडीत पडत नाय. इकडं ही पदर तोंडात कोंबून पडलेली, शेजारी ऐकू जाऊ नये म्हनून. मंग वळखीच्या नाथानं रोप आनून दिलं. चिमूटभर दुधात देतो. चार घास खाती, घटकाभर झोपती.

धम्मपाल : ह्याच झाडाची औषधं रीतसर मिळतात, बाबा. डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

सहादू : ह्याच झाडाची?

धम्मपाल : ह्याच. परवान्याची. मागवली की आठ-दहा दिवसांत येतात.

सहादू : आठ-दहा दिवस कुठून आनू तिच्यासाठी? आन् कुंभात साधू चिलमी वढत्यात, त्यांच्याकडं असतो का परवाना?

धम्मपाल : त्यांची नोंद माझ्या दप्तरात नाही, बाबा. तुमची आहे.

सहादू : मंग धरा मला. ती जाईस्तोवर झाड राहू द्या, पुढं मी आपल्या पायानं ठाण्यात येतो.

धम्मपाल : तुम्हाला नाही धरणार. तो गट कुणाच्या नावावर आहे?

सहादू : भिमाच्या. मीच लावलं ना तिचं नाव. तुमच्याच हातानं.

धम्मपाल : सातबारा त्यांचा. नोंद त्यांच्या खात्यावर. फोटोत झाडाशेजारी बसल्यात त्याच. गुन्हा भिमाबाईंवर होईल, बाबा.

(आतल्या खोलीत कण्हण्याचा आवाज.)

सहादू : मीच उचलून नेऊन बसवलं तिला तिथं. जरा ऊन खाईल म्हनून. फोटो बघून म्हनली, बरी दिसते की मी.

धम्मपाल : उद्या सकाळी पोलीस घेऊन पंचनाम्याला यायचंय मला. आज मी इकडं आलोच नाही. उद्या नुसता मका दिसला, तर फोटो चुकून गेला असं लिहीन. घरातही पाला ठेवू नका, घर बघतील. मला हे सांगताना लाज वाटतेय.

सहादू : तिला काय सांगू?

धम्मपाल : खरं तेच सांगा.

सहादू : खरं सांगितलं तर म्हनंल, राहू द्या झाड, नेऊ द्या मला. लय हट्टी हाय ती. नको. उपटतो मी, आत्ताच उपटतो. सांजच्याला नुसतं दूध देईन. म्हनंन, घातलंय त्यात.