रामबाईचं गानं अन् खोटे कान

...अन् वरून कंपनी म्हने, तुमच्याच भल्यासाठी गानं काढलं! तुमाले सांगतो, असं भलं वैऱ्याचंबी होऊ नोये! आमच्या हिंगणीचा लखन... त्याची माय रामबाई, तेंदूची पानं तोडता तोडता गोंडी गानं म्हने. पोट्ट्यानं थे मोबाईलमधी भरून घेतलं, माय गेल्यावर गान्याच्या ॲपवर टाकलं. मंग फोन पडला कालव्यात! पन लखन निवांत. "माय ॲपवर हाय ना!" ऐकनारे कोन? मोहल्ल्यातले, अन् पवनारची मावशी. बस!

अन् अचानक आकडा लाखावर! पेढे वाटले, सरपंचानं शाल देली, म्या सोता हार घातला... अन् ऐकलं कोनं? कोनीच नाई! वर्ध्याचा धनंजय, कंप्युटरवाला, थो सांगे, "काका, ह्या मशिनी हायेत. चोर लोकं सोताची गानी मशिनीकून वाजवून ॲपच्या कंपनीकून दर वाजन्यामागं पैसे उकळतात, अन् कोनाले शक येऊ नोये म्हून मधात मधात अशा एखाद्याचंबी वाजवतात." म्हंजे लाखभर कान, अन् ऐकलं कोनं? कोनीच नाई!

मंग काय, कंपनीले खोटे कान सापडले, तं चोर सोडून लखनचंच गानं गायब! कंपनीचा मेसेज, 'स्वतंत्र कलाकारांच्या संरक्षणासाठी आपले गाणे हटवण्यात आले आहे.' आता रामबाईपेक्षा स्वतंत्र कलाकार कोन होती, बाप्पा? लखननं कंपनीले फोन लावला, तं एक बाई, लय गोड, "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे..." लखन म्हने, "ताई, पैसे नोका देऊ, आकडा पुसून टाका, पन माय वापस द्या." बाई म्हने, "एक दाबा." दाबलं! "दोन दाबा." दाबलं! पोट्टा रडून राह्यला, अन् ऐकलं कोनं? कोनीच नाई! थेबी मशीनच!

आता राह्यलं काय? रामबाईचा म्हातारा भाऊ, तानबा. त्याच्या फोनवर कोनंतरी हेच गानं कॉलर ट्यून लावून देलतं, तेवढं वाचलं. लखन रोज कामावरून आला का मामाले फोन लावते. तिकून माय गाऊ लागते... किती डाव सांगितलं, "मामा, उचलू नोका ना, जरासं वाजू द्या!" पन म्हाताऱ्याले राहवते काय? भाच्याचा फोन दिसला का पयल्याच ओळीत उचलते, "हालो! जेवला का बेटा?"

लखन म्हनते, "हो मामा, जेवलो."

दुसरं काय म्हनन, सांगा बरं!