टेकडीवरचा पोरगा

(पुलगाव, २००३. ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक वासुदेवराव यांनी शाळेच्या रिकाम्या हॉलात उभी केलेली चित्रांची गॅलरी.)

दिपाली : मी का म्हणतो सर, तेवढं खिडकीजवळचं चित्र उतरवून ठेवा.

वासुदेवराव : तो टेकडीवर बसलेला पोरगा? काऊन? तुम्ही कोण, बाई?

दिपाली : दिपाली. तिकडं बेंचवर बसल्या ना, त्याईची सून. बाजाराच्या दिवशी भाजीचं दुकान सोडून इथंच येऊन बसून राह्यल्या.

वासुदेवराव : जिजाबाई ना? मला वाटलं, चित्रांची आवड आहे.

दिपाली : त्याईले वाटते, तो निकेश हाय. माहे मिस्टर. मागच्या साली काविळीनं गेले.

वासुदेवराव : अरेरे. पण तो गिरडचा पोरगा आहे. तिथल्या टेकडीवरच्या दर्ग्याच्या पायऱ्यांशी फुलं विकत होता.

दिपाली : नक्की?

वासुदेवराव : नक्की म्हणजे, चेहरा मी घरी येऊन पुरा केला. आठवणीतून. निकेश कोणत्या शाळेत होते?

दिपाली : तुमच्याच. ड्रॉइंगच्या परीक्षेले तुम्हीच वर्ध्याले नेलतं त्याईले.

वासुदेवराव : इतकी पोरं हाताखालून गेली. आता माझंच मला कळत नाही, कोणाला काढलं ते. तुम्हीच सांगा, सारखे दिसतात का?

दिपाली : नाक त्याईचं नोय. पण कान पाह्यले का माहं डोकंच चालत नाई. म्हणून म्हणतो, उतरवा.

वासुदेवराव : तसंही परवा ते नागपूरच्या प्रदर्शनाला चाललंय. माझं पहिलंच चित्र निवडलं त्यांनी. पण जिजाबाईंना सांगायचं कसं?

जिजाबाई : मले आयकू येते, मास्तर. हा माहा निकेश नोय. मले मालूम हाय.

दिपाली : मंग काऊन येता, आई?

जिजाबाई : घरी त्याचा एकच फोटो हाय, तुह्या लग्नातला. त्यात मुंडावळ्याईनं तोंड झाकलं. हे पोरगं सामने पाह्यते.

वासुदेवराव : मी निकेशचं चित्र काढून देतो. तुम्ही सांगत जा, मी काढतो. कपाळ कसं होतं?

जिजाबाई : कपाळ ना... थांबा जरासे.

वासुदेवराव : सावकाश.

जिजाबाई : डोळे मिटले का हाच येते, मास्तर. निकेश येतच नाई.

वासुदेवराव : दिपालीबाई, तुम्ही सांगता?

दिपाली : सर, नागपूरहून ते चित्र वापस कधी येते?