रीळ भरायला दोन माणसं लागतात

शुभदावहिनी, ईशा, रास अल खोरहून आलेली माधवच्या ऑफिसची मंडळी आणि आपले सगळे बिल्डिंगवाले. एवढ्या ट्रॅफिकमधून आलात, बरं वाटलं. माझ्याआधी तिघं बोलले. छान बोलले. मला तसं येत नाही. मी दिलीप, इथेच अल कुसैसमध्ये मसाल्याचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक समोर असलं की तोंड चालतं माझं. आज चालत नाहीये. वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्ही दोन शब्द बोला. म्हटलं, मला नाही जमणार. त्या म्हणाल्या, मग दुसरं कोण बोलणार? म्हणून उभा आहे.

मघाशी कुणीतरी म्हणालं, माधव कोल्ड रूमच्या एस्टिमेशनमध्ये एक नंबर होता. असेल बुवा. मला त्यातलं काही कळत नाही. मग कुणी म्हणालं, माधव कधी कुणाला नाही म्हणाला नाही. हे मात्र साफ खोटं! मला तो सतत नाही म्हणायचा. दिल्या, हे नाही. दिल्या, असं नाही. दिल्या, सोड, सोड, तुझ्याच्याने होणार नाही. आता वाटतं, एकदा म्हण रे. एकदा ओरड माझ्यावर.

तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, माझी बायको गेली, नंदा. तिच्यानंतर मी काय करत होतो ते तुम्हाला माहीत नाही. दुकान उघडायचो, बंद करायचो, घरी यायचो आणि बाल्कनीत उभा राहायचो. कपडे वाळत घालायला नाही. काय मनात असायचं ते अशा सभेत बोलू नये, पण आज नाही बोललो तर कधी बोलणार? मला जगायचं नव्हतं. झालं. बोललो.

आणि हे कुणी ओळखलं? समोरच्या टॉवरमधल्या या माणसाने. आला, बेल वाजवली. उपदेश नाही, गीता नाही, टाइम इज अ ग्रेट हीलर नाही. म्हणाला, "यल्ला, चल, गाडीत बस. फुजैराला जायचंय, समुद्रावर. मासे पकडायला."

मी म्हटलं, माध्या, तू कोकणस्थ, तुझ्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात उकडतात, आणि तू मासे पकडणार? तर म्हणाला, "मासा तुझा, मजा माझी."

हसा, हसा. वहिनी, तुम्हीपण हसा. तुमच्या फ्रीजमध्ये एक बांगडासुद्धा कधी शिरू दिला नाहीत तुम्ही.

त्याला हा नाद अमेरिकेत लागला होता. कंपनीने पाठवलं होतं कधीतरी. तिथे तळ्यावर लाकडी धक्के असतात, आणि त्यांच्या सावलीत क्रॅपी नावाचा मासा लपून बसतो. वरून गळ टाकून तो मिळत नाही. धक्क्याच्या आत, पार अंधारात गळ पोचवावा लागतो. कसा? उकिडवं बसायचं. जिग म्हणजे शिशाचा एवढासा गोळा, त्याला आकडा आणि रबरी शेपूट. तो चिमटीत धरून मागे ओढायचा. गळाची काठी धनुष्यासारखी वाकते. मग सोडायचा. सुळ्ळकन पाण्याला चाटून आत! इथे क्रॅपी नाही. पण माधव म्हणायचा, सावली तर आहे ना? फुजैराला त्याच्या ओळखीच्या एकाची बोट होती, तिथल्या धक्क्यावर बसायची परवानगी मिळवली, लायसन्स काढलं. तरंगत्या धक्क्याखाली बांगडे, लहान लहान तांबोशी. खूष होता नुसता.

आता तंगूस. म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा. तुम्ही म्हणाल, शोकसभेत हे काय घेऊन बसला हा? पण आमचं सगळं बोलणं तंगुसावरच असायचं हो. दुसरं काही बोललोच नाही आम्ही. पहिल्यांदा दुकानात गेलो, मी सगळ्यांत जाड तंगूस उचललं. आपली सवयच ती. मजबूत घ्यायचं, एकदाच घ्यायचं. दुकानदारपण म्हणाला, ले लो भाईसाब, शार्क भी नहीं तोड़ेगा. माधवने माझ्या हातातून ते काढून घेतलं. "म्हैस बांधायची आहे का तुला?"

तरी मी हट्टाने तेच घेतलं. धक्क्यावर बसलो, जिग ओढला, सोडला. तर तो दोन हातांवर जाऊन टपकला. तंगूस रिळावरून सुटलं ते जिलेबीच्या वेढ्यांसारखं, सरळ व्हायलाच तयार नाही. हा बाजूला बसून खो खो हसतोय. मग मी विणलेलं घेतलं, ब्रेडेड म्हणतात ते. बारीक, आणि काय मजबूत! वारा सुटला आणि ते काठीच्या टोकालाच गुंडाळलं. एकदा मासा लागला तर जोरात ओढला मी. नुसता आकडा वर आला. माधव म्हणाला, "अरे, ते ताणत नाही. बांगड्याचं तोंड मऊ असतं, फाटतं. ओढणारा जरा नमणारा असावा लागतो, दिल्या." मग मी म्हटलं, पारदर्शक घेऊ, माशाला दिसणार नाही. तर म्हणतो, "माशाला नाही दिसणार, बरोबर. पण तुला तरी दिसेल का? चष्म्याचा नंबर काय तुझा?"

शेवटी त्याने त्याचं दिलं. बारीक, मऊ, पिवळंधमक. टोकाला फक्त हातभर पारदर्शक. मी विचारलं, एवढं पिवळं कशाला? तेव्हा जे म्हणाला ते मला पाठ आहे. म्हणाला, "सावलीतला मासा झटका देत नाही. हाताला काहीच कळत नाही. तो गुपचूप जिग तोंडात घेतो आणि वर येतो. तंगूस नुसतं सैल पडतं. तेवढंच. म्हणून तंगुसाकडे बघत राहायचं. नजर हलवायची नाही."

मी त्याला विचारलं होतं, माध्या, तुला माझं कसं कळलं रे? मी तर कुणाला काहीच बोललो नव्हतो. तो म्हणाला, "तू दुकानात भांडायचा बंद झालास." बस. एवढंच म्हणाला आणि परत पाण्याकडे बघायला लागला.

त्याने मला एक नियम घालून दिला होता. बाल्कनीत जायचं तर आधी मला फोन करायचा. मग जा. मी करायचो. लाज वाटायची, पण करायचो. आणि हा काय बोलायचा फोनवर? कसा आहेस, नाही. रडू नकोस, नाही. म्हणायचा, "बरं झालं फोन केलास. मला सांग, या वेळी तंगूस कुठलं घेऊ? अजून बारीक घेऊ का? पण धक्क्याच्या खांबांना कालवं आहेत, घासून तुटेल. काय करू?" आणि मी सांगत बसायचो. तासभर. अहो, तंगुसातलं मला काय कळतं? त्याला सगळं माहीत होतं. तरी तो मलाच विचारायचा. बोलता बोलता मी आत येऊन सोफ्यावर बसलेला असायचो. चहा ठेवलेला असायचा.

मंडळी, असा माणूस कसा जातो? मला सांगा ना. ऑफिसात खुर्चीवर बसलेला, छातीत दुखलं, ॲम्ब्युलन्स आली आणि खलास? त्याच दिवशी दुपारी मला फोन केला होता त्याने. आवाज एकदम खणखणीत. "दिल्या, तंगुसाचं नवीन स्पूल आलंय. घरी ठेवलंय. शनिवारी ये, रिळं भरू."

रीळ भरणं हे एकट्याचं काम नाही. पतंगाला कसं फिरकी धरायला कुणीतरी लागतं, तसं. एकाने स्पूलमध्ये पेन्सिल घालून धरायचं, बोटाने जरा दाब ठेवायचा. दुसऱ्याने काठीवरचं रीळ फिरवायचं. आमच्यात धरायचो मी, फिरवायचा तो. घट्ट धरलं तरी ओरडायचा, सैल धरलं तरी ओरडायचा.

वहिनींनी ते स्पूल मला दिलं. त्याची काठीपण दिली. म्हणाल्या, तुमच्याकडेच राहू दे. मी घरी नेलं. शनिवारी बसलो एकटा. दोन्ही पायांत स्पूल धरलं आणि रीळ फिरवलं. झाला सगळा गुंता. कापून टाकलं, परत लावलं, परत गुंता. मग मी ते तसंच टाकलं आणि बाल्कनीत गेलो.

हो. परत गेलो.

आणि सवयीने फोन लावला. माधवला. रिंग वाजायला लागली तेव्हा लक्षात आलं, अरे, आता कोण उचलणार? पण उचलला. ईशाने उचलला. "दिलीपकाका? आर यू ओके?" मी म्हटलं, चुकून लागला गं. ती म्हणाली, "ओके काका." आणि ठेवला.

ईशा, बेटा, चुकून नव्हता लागला. तुझा बाप गेलाय, तुझ्यावर आभाळ कोसळलंय आणि हा काका तुला काय सांगणार होता? पण आज सांगतो, सगळ्यांसमोर सांगतो, कारण एकट्याने मला आता धरवत नाहीये. मला भीती वाटते. मला माझीच भीती वाटते हो. नंदा गेली तेव्हा माध्या होता. आता माध्या गेला. मी फोन कुणाला करायचा? तुमच्यापैकी कुणाचा नंबर लावू? सगळे म्हणतात, काही लागलं तर सांगा, इन्शाल्ला सगळं ठीक होईल. मी सांगतोय. लागलंय मला. आज लागलंय.

आता शेवटी आपण उभं राहतो, माना खाली घालतो, डोळे मिटतो. माझी एक विनंती आहे. आज डोळे मिटू नका. या पिशवीत मी त्याची काठी आणलीय. हे नवीन स्पूल, पिवळं. ही पेन्सिल. शनिवारचं काम राहिलंय त्याचं. मला फक्त हे धरायला कुणीतरी हवंय. बाकी काही मागत नाही.

कोण येतं?

अगं ईशा, तू कशाला उठलीस? तू बस, आईजवळ बस. काय? मोठ्याने बोल, ऐकू नाही आलं.

"गिव्ह मी द पेन्सिल, काका."

घे. दोन्ही हातांनी धर. अशी. बोट इथे ठेव. एवढं घट्ट नको गं, तंगूस तापतं. एवढं सैलपण नको. हां. बाबा ओरडायचा ना, तसं आता मी ओरडणार तुझ्यावर. ऐकून घे.

वहिनी, तुम्हीपण या, काठीचं टोक धरा. फ्रीजमध्ये काही ठेवणार नाही, शब्द देतो.

उठा मंडळी. माध्या, मित्रा, शनिवारी जमलं नाही, आज करतोय. तुला माझा नमस्कार. आता कुणी काही बोलू नका. सगळ्यांनी या पिवळ्या तंगुसाकडे बघा. मी फिरवतो.