तिसऱ्यांदा विचारल्यावर

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. शांतावहिनी, सुमन, शाळेतले माझे सगळे सहकारी, पालक मंडळी, आणि बिडकीनहून टेम्पो करून आलेले गाडेकर सरांचे भाऊबंद. माझ्या आधी जे बोलले ते सगळे म्हणाले की शब्द सुचत नाहीत, आणि मग बराच वेळ बोलले. माझंही तसंच होणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. मध्येच थांबलो तर पाणी घेऊन धावू नका. जरा दम धरा, मी आपोआप सुरू होईन.

मी सुधाकर निकम, वैजापूरचा. आपल्या या विशेष मुलांच्या शाळेत मी सुतारकाम शिकवतो आणि गाडेकर सर बागकाम शिकवायचे. सरांचा साधेपणा सांगून झाला, कष्टाळूपणा सांगून झाला. मी सांगणार आहे त्यांचं परदेशातलं वर्ष. ते वर्ष डोळ्यांनी पाहिलेला या हॉलमध्ये मी एकटाच आहे. सर स्वतः कधी काही बोलले नाहीत. कुणी विचारलं की म्हणायचे, "थंडी लई होती." झालं. वर्षाचा वृत्तांत संपला.

डेन्मार्कमध्ये एक खेडं आहे. तिथं आपल्या मुलांसारखीच, पण वयानं मोठी झालेली माणसं एकेका घरात चार-पाच जण मिळून राहतात. त्यांच्याबरोबर देशोदेशीचे स्वयंसेवक राहतात. पगार नाही. राहणं-जेवण त्यांचं, काम आपलं. त्या खेड्याची आणि आपल्या शाळेची ओळख झाली, आणि आपल्याकडच्या दोघांनी वर्षभर तिथं जावं असं ठरलं. मी लगेच हात वर केला. मला विमानात बसायचं होतं, खोटं कशाला बोलू? दुसरा हात गाडेकर सरांचा वर गेला आणि सगळा स्टाफ वळून बघायला लागला. हा माणूस जालन्याला लग्नाला गेला तरी मुक्काम न करता परत यायचा!

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "गाडेकर, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "निकम, तिथली लोकं आईबाप गेल्यावर बी नीट राहतात म्हणं. कशी राहतात ते बघून येतो. माझ्यामागं सुमीचं कसं, ते इथं मला कुणी सांगंना."

सुमन ही सरांची एकुलती एक मुलगी. ही काय, पुढं पिवळ्या ड्रेसमध्ये बसलीय आणि मला हात करतेय. कर बाई, कर. ती आपल्याच शाळेत शिकली. आम्ही निघालो तेव्हा तिशीला आली होती, आणि सर तिला अजून हातानं घास भरवायचे. इथं बसलेल्या कितीतरी आईबापांना हाच प्रश्न झोपू देत नाही. त्यांना मी वेगळं काय समजावून सांगू?

तर गेलो. आणि पहिल्याच जेवणाला घात झाला.

त्या घराची प्रमुख होती इंगे नावाची बाई. उंच, सरळ, मनानं फार चांगली. तिनं उकडलेल्या बटाट्यांचं भांडं सरांपुढं धरलं आणि खुणेनं विचारलं, घेणार का? आता मला सांगा, पाहुणा माणूस, नवीन घर, पहिलं जेवण. आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, नको. मग घरचे म्हणतात, असं कसं, घ्या. आपण म्हणतो, नको हो, पोट भरलंय. मग घरचे रागावतात. तिसऱ्यांदा आपण म्हणतो, बरं, थोडंच वाढा. आणि मग चांगलं चार माणसांचं जेवतो. ही आपली रीत. सर रीतीप्रमाणं नको म्हणाले. इंगे "ओके" म्हणाली आणि भांडं पुढं सरकवलं.

सरांची नजर त्या बटाट्यांबरोबर टेबलाच्या टोकापर्यंत गेली. बटाटे काही परत आले नाहीत.

त्यात त्यांच्या भाषेतही नाहीला जवळपास नायच म्हणतात हो. त्यामुळं सरांना तेवढा एक शब्द पहिल्या दिवसापासून अस्खलित यायचा. बटाटे? नाय. पाव? नाय. मासा? नाय. समोरचे खूश, माणूस किती स्पष्ट बोलतो! आणि हा स्पष्ट बोलणारा माणूस खोलीत येऊन वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी नुसती बोटानं चाटायचा.

मी त्यांना म्हटलं, अहो, पहिल्यांदा विचारलं की हो म्हणा ना. मी म्हणतो, माझं काही बिघडलं का? तर माझ्याकडं असं बघितलं! म्हणाले, "पैल्या फटक्यात व्हय म्हणायचं? म्या काय हावरट हाय व्हय? तुमी वैजापूरची माणसं, तुमचं वेगळं." बिडकीनची मंडळी हसतायत. हसा. तुमच्या या इज्जतीपायी माणूस मरायला टेकला होता.

चटणी संपली. एका दुपारी सर कुठं सापडेनात. त्या खेड्यात मेंढ्या होत्या आणि सरांचं सगळं घराणं मेंढपाळांचं, म्हणून मी मेंढ्यांच्या शेडकडं गेलो. शेडच्या मागं सर उकिडवे बसलेले. शेजारी मेंढ्यांना घालायच्या गाजरांची बादली. सर एक गाजर मेंढीला देत होते आणि एक स्वतः खात होते. मला बघून अजिबात लाजले नाहीत. म्हणाले, "हिनं इचारलंच नाय. सरळ वाटून घेतलं."

पँट कमरेवर थांबेना. मग इंगे घाबरली आणि त्यांना डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टरनं विचारलं, भूक लागते का? आता डॉक्टर झाला म्हणून काय, पहिल्यांदाच विचारतोय! सर म्हणाले, नाय. त्यानं गंभीर चेहरा करून लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्यांची बैठक बसली. इंगेनं सरांचा हात हातात घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, तुम्हाला इथं करमत नाही हे आम्हाला दिसतंय, कमीपणा वाटून घेऊ नका, तुम्हाला घरी परत जायचंय का?

सर म्हणाले, नाय.

मंडळी, महिनाभरात तेवढं एक नाय खरं होतं, आणि त्या घरच्यांनी ते खरं धरलं म्हणून बरं. तिथं जर कुणी आपल्यासारखा आग्रह केला असता, असं कसं, जा ना, जाच आता, तर सर संकोचानं विमानात जाऊन बसले असते!

मग मात्र मी इंगेला बाजूला घेऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत आपली रीत सांगितली. तिनं ती नीट ऐकून घेतली आणि घराचा नियमच केला. गाडेकरांना तीनदा विचारायचं. आणि ती माणसं नियमाची पक्की. चेहऱ्यावरची रेघ न हलवता इंगे विचारायची, बटाटे? बटाटे? बटाटे? शाळेत हजेरी घेतल्यासारखी. तिसऱ्याला सर मान खाली घालून म्हणायचे, "बरं, थोडंच." नियमाच्या पहिल्याच दिवशी भांडं रिकामं झालं. मी स्वतः मोजायचं सोडून दिलं.

पण खरी मजा आली ती सरांची स्वयंपाकाची पाळी आली तेव्हा. त्या घरात सगळ्यांना पाळी असते. सरांनी मटणाचा रस्सा केला. त्यांच्या काळ्या पिठाच्या भाकरी थापल्या, त्या तव्यावर जाईपर्यंत तुटल्या, ते असो. मग सर वाढायला उभे राहिले. इंगे म्हणाली, पुरे. सरांनी वाढलं. तिथली रीत अशी की ताटात आलं ते संपवायचं, टाकायचं नाही. आणि आपली रीत अशी की ताट रिकामं दिसलं की वाढायचं. आता सांगा, हे थांबणार कसं? इंगे डोळे पुसत खात होती, सर वाढत होते. ती संपवायची, हे वाढायचे. शेवटी पातेलं संपलं म्हणून ती बाई वाचली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही.

इथपर्यंत तुम्ही हसलात, बरं वाटलं. सरांनाही बरं वाटलं असतं. आता ज्या कामासाठी ते गेले होते, ते सांगतो.

त्या घरात येन्स नावाचा एक गृहस्थ होता. चाळिशी ओलांडलेला, आपल्या सुमनसारखाच. आईबाप दोघंही गेलेले. सर पहिल्या दिवसापासून त्याच्याकडं बघत बसायचे. तो हसला की मला विचारायचे, "हा हसतो कसा वो?" एका गुरुवारी येन्स बटाटे चिरायला बसला. हातात ही एवढी सुरी. सर धावले आणि त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. तर येन्स असा भडकला! टेबलावर मूठ आपटून ओरडला. इंगेनं मला सांगितलं तो काय म्हणतोय ते. तो म्हणत होता, आज गुरुवार आहे, गुरुवार माझा आहे. त्यानं सुरी परत घेतली आणि सरांच्या नाकासमोर सगळे बटाटे चिरले. वाकडेतिकडे चिरले, पण चिरले. आणि मग स्वतः भांडं घेऊन सरांपुढं आला, आणि तीनदा विचारलं.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "निकम, मला वाटायचं सुमीला भरवायला माणूस शोधायचा हाय. म्या येडा. तिच्या हातात कधी पोळपाट बी दिला नाय, अन् माणूस शोधायलो."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सर परत आले आणि इथं शाळेमागं मुकुंदवाडीत तीन खोल्या घेऊन तसंच घर सुरू केलं. आपल्या चार मुली आणि त्यांच्या सोबतीला एक मावशी. कामाच्या पाळ्या लावल्या. वहिनी, तुम्ही तेव्हा किती भांडलात! माझ्याही घरी येऊन भांडलात. पोरगी पोळली तर? पोळलीही. दोनदा. सुमनचं पहिलं पिठलं इतकं घट्ट होतं की पातेलं उपडं केलं तरी पडलं नाही. सरांनी ते सुरीनं कापून खाल्लं आणि म्हणाले, लई भारी. वहिनी तेव्हाही रडल्या आणि म्हणाल्या, बाप जिवंत असताना पोरीला दुसऱ्या घरी ठेवता, लोक काय म्हणतील? सर म्हणाले, "जिवंत हाय तवरच ठेवायची. मागून ठेवली तर तिला वाटंल, टाकून दिली."

आणि मग त्या दिवशी सर सकाळी बागेत झाडांना पाणी घालताना खाली बसले ते उठलेच नाहीत.

संध्याकाळी सगळं आटोपून आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. चूल पेटलेली नव्हती. शेजाऱ्यांनी आणलेलं तसंच झाकून ठेवलेलं. त्या दिवशी मुकुंदवाडीच्या घरात पाळी सुमनची होती. मावशी तिला म्हणाल्या, आज राहू दे बाळा. तिनं ऐकलं नाही. ती पिठलं करून, पातेलं फडक्यात गुंडाळून घेऊन आली. आईसमोर मांडी घातली, ताटलीत वाढलं आणि म्हणाली, जेव.

वहिनी म्हणाल्या, नको. सुमन म्हणाली, जेव. वहिनी म्हणाल्या, नको गं. सुमन म्हणाली, जेव. तिसऱ्यांदाही वहिनी नको म्हणाल्या, आणि ते नको खरं होतं हो. तिथं बसलेल्या आम्हा सगळ्यांना कळलं. कुणीतरी सुमनला म्हणालं, राहू दे आता, तीनदा विचारलंस.

पण सुमनला मोजता येत नाही. शाळेनं खूप प्रयत्न केले, नाही आलं. त्यामुळं ती थांबलीच नाही. जेव म्हणाली, पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. रडत नव्हती, चिडत नव्हती, नुसतं विचारत होती. कितीतरी वेळानं वहिनींनी तोंड उघडलं आणि सुमननं आपल्या हातानं घास भरवला.

गाडेकर सर, माझ्यामागं सुमीचं कसं, असं तुम्ही मला विचारलं होतं. सुमीचं बरं चाललंय. वहिनींचं कसं, ते सुमी बघतेय.

आता सगळे उभे राहू या आणि सरांसाठी थोडा वेळ शांत राहू या. सुमन मध्येच कुणाला तरी विचारेल, जेवलास का म्हणून. तिला गप्प करू नका.