पदराआडचा आवाज

चहा घ्या आधी, मंग सांगते. आमच्या हसनाबादेतून टीव्हीवर कॉमेडी करायला गेलेली पैली बाई म्हंजी माही सून, संगी. पण तिचं सगळं अडलं होतं माह्या म्हाताऱ्यापाशी. "बाईमाणसानं जगाला हसवायचं? बिलकुल न्हाई!"

संगी मला म्हणली, "आत्याबाई, मी जाणार म्हंजी जाणार."

मंग फोनवरच तिची परीक्षा ठरली. मुंबईचे टीव्हीवाले साहेब फोनात बघून राह्यले, अन् ही घरात बसून सासऱ्याचीच नक्कल करून राह्यली. मला काही राहवंना, वाटलं म्हाताऱ्यानं एकदा हिची कला बघावी. म्हाताऱ्याला म्हणलं, "आत सून रडून राह्यली, बघा जरा."

म्हातारं जल्दी उठलं. सासरा दिसताच संगीनं सवयीनं पदर तोंडावर ओढला. म्हातारं दारातूनच खेकसलं, "फोनम्होरं काय चाल्लंय? बंद कर आधी!"

संगीचं तोंड तर पदराआड. साहेबांना वाटलं, हीच बोलली. "वा! काय आवाज काढला!" म्हणून टाळ्या वाजवाया लागले.

मी म्हणलं, झालं हिचं काम. पण ही पोरगी म्हणती कशी, "न्हाई सर, ते माहे सासरे हायेत. आता माहं ऐका." अन् पदराआडूनच तस्सं खेकसली, "सुनेनं घराबाहेर पाय टाकायचा न्हाई! अन् माहा चष्मा कुठंय?"

म्हातारं दारातून आत आलं. मंग पुढं होऊन म्हणलं, "अगं, ओरडायच्या आधी मी खाकरतो. मुंबईत बराबर कर, न्हाई तर माही इज्जत जाईल."